दोन खाचांचा बुश

माझा स्वभाव संशयी आहे. ही कबुली नव्हे, ओळख आहे. दूधवाला माप फेसासकट भरतो का, भाजीवाली तराजूच्या दांडीला बोट लावते का, बडनेऱ्याला गाडी लेट होती म्हणणारा माणूस खरंच गाडीत होता का, हे मला दिसतं आणि दिसलं की चैन पडत नाही. माझी आई म्हणायची, "तुह्या सासरच्यायचं कठीन आहे बापा." सासरच्यांचं काही कठीण झालं नाही. उलट आमच्या घराला आजवर कोणी टोपी घातली नाही ती माझ्यामुळेच, असं मी समजून चालले होते. त्यामुळे खुद्द नवराच आपल्याला फसवतो आहे हे लक्षात आलं तेव्हा राग नंतर आला, आधी नवल वाटलं. यांना खोटं बोलता येतं हेच मला माहीत नव्हतं.

अमरावतीत आमच्या घरामागे एक टिनाचं शेड आहे. तोच आमचा कारखाना. हे सागवानाचे देव्हारे बनवतात आणि मी त्यांना पॉलिश करते. देव्हाऱ्याच्या तोंडाशी जी वळणावळणाची कमान असते ती महिरप, आणि महिरप ही यांची खासियत. पेन्सिलीनं लाकडावर आखायची आणि डोळ्यांच्या अंदाजानं कापायची. यांच्या दोन महिरपी कधी सारख्या निघाल्या नाहीत आणि गिऱ्हाइकाला तेच आवडायचं. शेजारणीकडे आहे तसा आपल्याकडे नाही, यात माणसाला केवढं सुख असतं ते मी दारात उभं राहून पाहिलेलं आहे.

आम्हाला मुलगी एकच, भातकुलीला दिली. तिच्या नाकात लाकडाचा भुसा गेला की शिंकांची माळ लागते. यांचा धाकटा भाऊ अकोल्याला असतो. त्याला दोन मुलगे, दोघंही मोटरसायकल पुसण्यात पटाईत, बाकी हाताला काम नाही. हे चित्र मी कधीही नजरेआड होऊ दिलं नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या शेडमध्ये सँडपेपर घासते आहे, माझ्या बोटांचे ठसे केव्हाच गुळगुळीत झाले. कारखाना आमचा दोघांचा आहे आणि आमचे हात चालतात तोवर तो आमच्याकडेच राहिला पाहिजे, एवढीच माझी मागणी होती. ती मी कोणापुढे बोलून दाखवली नव्हती, कारण ती मागायची पाळी येईल असं वाटलंच नव्हतं.

सुरुवात झाली ती यांच्या बघण्यापासून. बोलताना हे माझ्या तोंडाकडे बघेनासे झाले. बोलायचे माझ्याशी आणि बघायचे माझ्या कानाकडे. मी जरा सरकून समोर आले की मान किंचित वळायची आणि नजर खांद्यावरून पलीकडे. ज्याच्या पोटात काही असतं तो डोळ्याला डोळा देत नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुठी काय?" हे म्हणाले, माझ्या कानाला.

मग अकोल्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी वर्षातून दोनदा, दिवाळीला आणि कोणाच्या तेरवीला जाणारा माणूस अधूनमधून सकाळीच बडनेऱ्याला जाऊन गाडी धरू लागला. विचारलं तर म्हणायचे, "लाकूड पाहाले जातो." आमचं सागवान येतं परतवाड्याच्या बाजूनं. अकोल्याला सागवान पाहायला जाणं म्हणजे नागपूरला समुद्र पाहायला जाण्यासारखं. पण मी गप्प बसले. संशयी माणसाचं पहिलं काम गप्प बसणं असतं.

परत यायचे ते डोळ्यांवर काळा चष्मा लावून. दारातला दिवा लावला की हात आडवा धरायचे. एकदा चष्मा काढल्यावर पाहिलं, डोळे लालभडक, पाणावलेले. मी पाणी द्यायच्या निमित्तानं जवळ जाऊन वास घेतला. तसला वास नव्हता. मग माझ्या मनानं पुढचा हिशोब केला: हे रडून आले आहेत. दोघा भावांनी गळ्यात गळा घातला असेल, "दादा, माह्या पोरायचं काहीतरी पाहा," असं धाकटा म्हणाला असेल, आणि यांचं काळीज विरघळलं असेल. यांचं काळीज तसंही गुळाचं आहे. मुंग्या कुठून येतात यावर लक्ष मलाच ठेवावं लागतं.

त्याच सुमारास शेडमध्ये फर्मे आले.

यात काय विशेष ते सांगितल्याशिवाय कळणार नाही. राउटर नावाचं एक यंत्र असतं. वर दोन बाजूंना दोन मुठी, खाली भन्नाट फिरणारं पातं, त्याला बिट म्हणतात. आधी हे राउटर फक्त फळीच्या कडा गोल करण्यापुरतं वापरायचे, महिरप मात्र हातानं. आता यांनी जाड प्लायमध्ये महिरपीचा आकार कापून ठेवला. तो फर्मा. फर्मा लाकडावर क्लॅम्पनं आवळायचा. राउटरच्या तळाला बांगडीसारखी एक धातूची कडी बसवायची, तिला बुश म्हणतात, आणि बिट त्या बुशाच्या पोटातून खाली उतरतं. बुश फर्म्याच्या कडेला टेकवून नुसता घासत न्यायचा, खाली सागवानात तोच आकार कापला जातो. मेख एकच आहे. बुश जाड आणि बिट बारीक, त्यामुळे काप कडेला चिकटून पडत नाही, थोडा आत पडतो. तेवढी जागा फर्मा बनवतानाच धरावी लागते, आणि ज्या बुशासाठी फर्मा केला तोच बुश लावावा लागतो. दुसरा लावला की महिरप एक तर लठ्ठ नाही तर रोड.

सांगायचा मुद्दा असा, की या कामाला कला लागत नाही. दाबून धरता आलं की झालं. मला येईल, गॅसची टाकी आणून देणाऱ्याला येईल, आणि अकोल्याच्या त्या दोघांनाही येईल. इतकी वर्षं जे यांच्या हातात होतं ते यांनी उचलून प्लायमध्ये ठेवलं होतं. असं माणूस कधी करतो? आपल्यामागं दुसऱ्यानं करावं असं वाटतं तेव्हा.

"आता हे फर्मे कायले?" मी विचारलं.

"सारखं काम येते."

"सारखं कोनाले पाह्यजे?"

"गिऱ्हाइकाले."

"कोन्या गिऱ्हाइकाले? नाव सांगा."

हे फर्म्याच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत होते. कड गुळगुळीत आहे की नाही ते बघणं हा यांचा नवा छंद होता, प्रत्येक कापाआधी पूर्ण कडेवरून बोट फिरायचंच. "तू पॉलिश पाह्य," एवढंच म्हणाले.

पॉलिश पाहता पाहता मला आणखी एक गोष्ट दिसली. बुश ठेवायला यांनी एका फळीत ओळीनं गोल खोबणी करून घेतल्या होत्या. प्रत्येक बुशावर मापाचा आकडा कोरलेला असतो. तरी यांनी कानशीनं बुशांच्या कडेला खाचा पाडल्या होत्या. एकाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. आणि फर्म्यांच्या कोपऱ्यांवरही तशाच खाचा. दोन खाचांच्या फर्म्याला दोन खाचांचा बुश, इतकं सोपं. आकडा असताना खाच कशाला? ज्याला आकडे समजत नाहीत त्याच्यासाठी. आणि आमच्या खानदानात आकड्यांशी वैर असलेले दोघेच होते, ते अकोल्याला मोटरसायकल पुसत बसले होते. माझी खात्री पटली. डाळीत काळं नव्हतं, सगळी डाळच काळी होती.

मी अकोल्याला जावेला फोन लावला. माझी जाऊ सरळ बाई आहे. खोटं बोलताना तिला घाम फुटतो आणि तो फोनवरूनही कळतो.

"काय वं, काल हे आल्ते काय तुमच्याकडं?"

"आल्ते ना ताई."

"जेवाले काय केलं होतं?"

"पिठलं-भाकर केली होती. दोन भाकरी खाल्ल्या दादानं."

पिठलं खाल्लं की हे रात्रभर पित्तानं तळमळतात, मला उठवून सुंठसाखर मागतात. काल रात्री तर घोरत होते.

"अन् दोघं भाऊ कुठी गेल्ते?"

"ते... बाहेर गेल्ते."

"कुठी बाहेर?"

"ताई, कुकर झाला वाटते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. घड्याळात दुपारचे चार वाजत होते. दुपारी चारला कोणाच्या घरी कुकर होतो?

आता मला सरळ विचारता आलं असतं. बरेच लोक मला नंतर तसं म्हणाले. पण सरळ विचारलं की समोरचा सरळ खोटं बोलतो आणि मग ते खोटं घरात कायमचं राहायला येतं. मी दुसरा रस्ता धरला. मी ठरवलं, या फर्म्यांच्या कामातली खोट यांना यांच्याच हातानं दाखवायची. एका सकाळी हे आंघोळीला गेले असताना मी शेडमध्ये गेले आणि खोबणीतल्या बुशांची अदलाबदल केली. दोन खाचांच्या जागी एका खाचेचा ठेवला. नुकसान काही होणार नव्हतं, हे आधी टाकाऊ फळीवर काप घेऊन पाहतात. काप चुकला असता, आणि मी म्हणाले असते, "पाहा, तुमच्यासारख्याचं चुकते, मंग ते पोट्टे कारखान्याचं काय करतीन?" वाक्य तयार होतं. दोनदा मनात म्हणूनही पाहिलं होतं.

हे आले. मी चहा घेऊन उभी होते. हे माझ्याशी, म्हणजे माझ्या कानाशी, सागवानाच्या भावाबद्दल बोलत होते. बोलता बोलता हात फळीकडे गेला. बुश उचलला. अंगठ्याचं नख कडेवरून फिरलं आणि थांबलं. बुश परत ठेवला, शेजारचा उचलला, त्यावरून नख फिरवलं, आणि तो राउटरच्या तळाला बसवला. बरोबर दोन खाचांचा. भावाबद्दलचं बोलणं यात एकदाही तुटलं नाही. आणि मान एकदाही खाली गेली नाही.

मी चहाचा कप हातात तसाच धरून राहिले. हे चुकले असते तर मी जिंकले असते. पण हे चुकले नाहीत. ज्याला डोळे आहेत तो माणूस आधी बघतो, मग उचलतो. वस्तू हातात घेऊन मग ती कोणती ते शोधत नाही. माझी आई शेवटच्या काळात डाळ अशी निवडायची. ओसरीत बसून समोर रस्त्याकडे बघत, बोटांनी.

तरी मन मानेना. संशयाची एकदा सवय झाली की वाईटातल्या वाईट गोष्टीवरही विश्वास बसायला पुरावा लागतो. दिवसभर मी स्वतःशीच भांडत होते. नसेल तसं. कामाचा सराव आहे, हात आपोआप चालतो. मलाही पॉलिशचा बोळा न बघता सापडतो. मग ते कानाकडे बघणं? मग काळा चष्मा? मला आता पुतणे हवे होते. कारखाना त्यांच्या घशात जातो आहे हेच खरं असू दे, असं मी, मी स्वतः, देवाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी एक गोष्ट केली.

यांना उघडं कपाळ चालत नाही. सासूबाईंचं कपाळ फार लवकर उघडं पडलं, त्या वेळी हे लहान होते, आणि ती गोष्ट यांच्या डोक्यात कायमची बसली. लग्नानंतर एकदा मी न्हाऊन आले, टिकली लावायची राहिली, तर हे भरल्या ताटावरून उठले. "आधी कपाळ पाह्य आरशात," म्हणाले, आणि मी टिकली लावून येईपर्यंत घास घेतला नाही. बाकी साडी कोणती नेसली, केसात काय माळलं, यातलं यांना कधी ओ की ठो कळलं नाही. पण कपाळ मात्र दारातून आत येता येता टिपायचे.

शेडमध्ये मी पाठ करून उभी राहिले आणि टिकली काढली. कुठेतरी चिकटवून टाकली. आपण बायका आरशाला चिकटवतो, न्हाणीच्या नळाला चिकटवतो, हाताशी असेल त्याला चिकटवतो. मी कशाला चिकटवली तिकडे माझं लक्ष नव्हतं. मग मी दारात, भर उजेडात, यांच्यापासून हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले.

"माह्या तोंडाले पॉलिश लागलं वाटते," मी म्हणाले. "पाहा बरं, दिसते काय?"

यांनी मान थोडी वळवली. कानाकडे पाहिलं, मग दुसऱ्या कानाकडे. "नाई. कुठी?"

"नीट पाहा."

"पाह्यलं ना. काई नाई लागलं. मस्त आहे."

मस्त आहे. उघड्या कपाळानं मी यांच्यासमोर उभी होते आणि हे मला मस्त आहे म्हणत होते. पुतणे, जाऊ, कुकर, सगळं कुठल्या कुठे गेलं. मी दाराची चौकट धरली.

यांना त्याचा पत्ता नव्हता. कामाला लागायचं म्हणून यांनी फर्मा ओढला आणि नेहमीसारखं आतल्या कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. या कडेवर भुश्याचा कण जरी राहिला तरी बुश तिथे अडखळतो आणि महिरपीत नेमका तेवढा उंचवटा येतो, म्हणून ही तपासणी. बोट एका वळणावरून गेलं, दुसऱ्या वळणावरून गेलं, आणि थांबलं. मागे आलं, परत गेलं. यांनी नखानं काहीतरी खरवडून काढलं आणि चिमटीत धरलं. दोन बोटांमध्ये फिरवून पाहिलं.

"टिकली आहे," हे म्हणाले. "तुयी?"

"माह्यी नाई त कोनाची राहीन?"

"मंग कपाळावर काय आहे?"

यांना माझं गप्प बसणं ऐकू आलं असावं. टिकली हातातल्या घड्याळाच्या काचेवर चिकटवून ठेवली आणि खाली सागवानाच्या ओंडक्यावर बसले.

"म्हनून विचारून राहिली होती काय," हे म्हणाले, "पॉलिश लागलं काय म्हून."

"कवापासून?"

"मधातलं गेलं." यांनी आपल्या तोंडासमोर हातानं एक गोल काढला. "ज्याच्याकडं पाह्यलं तेच जाते. तोंड पाह्यलं त तोंड नाई दिसत. कान दिसते. केस दिसते. बाजूनं पाह्यलं का थोडं समजते."

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. चष्म्यानं येणारं नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरकडे औषध चालू होतं, उरलेलं टिकावं म्हणून. गेलेलं परत येणार नाही असं डॉक्टरनं सांगितलं होतं. लाकूड पाहायला म्हणून जाणारा माणूस डोळ्यात थेंब घालून, बाहुल्या मोठ्या करून बसत होता, आणि मी वास घेत होते.

"अमरावतीत डॉक्टर नाई काय?"

"इथं गेलो असतो त सांजपर्यंत तुले समजलं असतं."

"भावाले सांगतलं. जावेले सांगतलं. मले नाई."

"तुले सांगतलं असतं त तू मशीनचा प्लग काढून घेतला असता."

"काढलाच असता!" मी ओरडले आणि तिथल्या तिथे भिंतीवरचा प्लग उपसून हातात घेतला. मला इतका राग आला होता की रडू येत नव्हतं. "डोळे नाई अन् इतक्या जोरात फिरनाऱ्या पात्यावर हात ठेवता? बोटं मोजली काय आज?"

यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. दहाही होती. "दोन मुठी आहे मशीनले," हे शांतपणे म्हणाले. "दोन हात मुठीवर. बिट फर्म्याच्या आत. फर्मा आवळलेला. बुश कडेच्या बाहेर जातच नाई. आता तूच सांग, याच्यात माह्या डोळ्याचं काम कुठी आहे?"

मी प्लग हातात धरून उभी होते. खाचा कोणासाठी होत्या ते आता विचारायची गरज नव्हती. ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्याच्यासाठीच होत्या, एवढं तर मी ओळखलं होतं. महिरपी यांच्या हातातून प्लायमध्ये उतरल्या त्या उरलेलं दिसतं आहे तोवर उतरवून ठेवायच्या म्हणून. डोळे साथ देईनासे झाले तरी कारखाना बंद पडू नये म्हणून या माणसानं एकट्यानं सगळी तयारी केली होती, आणि मी कारखाना वाचवायला याच्याच मागे लागले होते.

"अन् पुतणे?" तरी माझ्या तोंडून गेलंच.

"कोन पुतणे?"

"कारखाना त्यायले नाई देनार ना?"

हे हसले. कित्येक महिन्यांनी असे हसले. "त्या बह्याडायले खिळा ठोकता येत नाई. तुह्या डोक्यात हे होतं काय?"

मी प्लगची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

"आयक," हे म्हणाले. "एक महिरप कापतो. तू स्विचजवळ बस. तुले वाटलं का आता चुकते, बंद करजो. मंग मी या मशीनले पुन्हा हात नाई लावत. लोकायले सांगून देऊ, कारखाना बंद झाला."

एवढं सगळं एका महिरपीवर आलं. मी प्लग लावला आणि स्विचवर बोट ठेवून बसले. यांनी फर्मा आवळला, कडेवरून परत बोट फिरवलं, दोन खाचांचा बुश नखानं तपासला. दोन्ही मुठी धरल्या. यंत्र सुरू झालं आणि सागवानाचा तो कडवट वास शेडभर झाला. यांचं तोंड कामाकडे नव्हतंच. बाजूला भिंतीकडे वळवलेलं, जसं एखादा माणूस लांबची घंटा ऐकतो आहे. बुश कडेला टेकून सरकत होता. प्रत्येक वळणावर मला बटण दाबावंसं वाटलं. बोट स्विचवर घामानं चिकटलं होतं. मी दाबलं नाही, कारण चुकत काहीच नव्हतं, आणि काहीच चुकत नसताना दाबण्याइतकी मी खोटी नव्हते. आतला तुकडा सुटून खाली पडला. यांनी यंत्र बंद केलं आणि हात मुठीवरून काढले.

मी महिरप उचलून उजेडाकडे नेली. माझ्या डोळ्यांनी पाहिली, बोटांनी पाहिली, परत डोळ्यांनी पाहिली. खोट शोधायला बसलेल्या बाईला त्यात खोट सापडली नाही.

"प्लग माह्या हातात राहीन," मी म्हणाले. "मी नसली त मशीन नाई. क्लॅम्प मी पाहीन. अन् अकोल्याले मी येईन संगं."

"बरं."

"अन् जावेले सांगा, चार वाजता कुकर नाई होत म्हना."

"बरं," हे म्हणाले. मग घड्याळाच्या काचेवरून चाचपत टिकली काढली. "इकडं ये."

मी पुढे झाले. यांनी डाव्या हातानं माझा कान शोधला, मग केसांची कड, आणि उजव्या हाताच्या बोटानं टिकली कपाळावर दाबली. बोट क्षणभर तिथेच ठेवलं.

"मधात लागली?"

"लागली," मी म्हणाले.

तोंड धुवायला म्हणून न्हाणीत गेले आणि आरशात पाहिलं. टिकली डाव्या भुवईवर होती. फर्मा असला की यांचा हात केसभरही चुकत नाही. माझ्या कपाळाचा फर्मा कोणी केलेला नव्हता. तेव्हा मला रडू आलं, नळ सोडून मी भरपूर रडले, आणि टिकली सरकवून मधोमध लावली.

ते दिवस आता मागे पडले. देव्हारे जातात, महिरपी सगळ्या सारख्या निघतात, आणि गिऱ्हाईक त्यालाही नाव ठेवत नाही. काप घेण्याआधी हे विचारतात, "बसली काय?" मी स्विचजवळून म्हणते, "बसली." टिकली रोज हेच लावतात, ती जणू मला मिळालेली शिक्षा आहे. रोज विचारतात, मधात लागली का, आणि मी रोज लागली म्हणते आणि आत जाऊन सरकवते. घरातलं खोटं हुडकत फिरणारी बाई रोज सकाळी नेमानं खोटं बोलते.

मागच्या पोळ्याच्या आसपास एकदा यांनी लावून झाल्यावर बोट काढलंच नाही. "खरं सांग," म्हणाले, "मधात लागते, का तू मंग सरकवते?"

"मी कायले सरकवीन?"

"तुहा भरोसा नाई," हे म्हणाले. त्या दिवसापासून दुपारी जेवायला बसताना, काही न बोलता, यांचं बोट एकदा माझ्या कपाळावर येऊन टिकली सकाळच्या जागी आहे ना ते तपासून जातं. माझाच रोग यांना लागला.

म्हणून आता मी टिकली सरकवत नाही. यांनी लावली तिथेच राहते. कधी भुवईवर, कधी पार केसांच्या कडेला. तशीच बाजारात जाते. भाजीवाली माझ्या कपाळाकडे बघते आणि काही विचारत नाही. मी तिच्या तराजूकडे बघते.